चुंबकाला चिकटलं नाही ते

माझ्या धाकट्या जावेला सगळे टाचणी म्हणतात. पडद्यांच्या दुकानात तिचा जन्म गेला. ओठांत टाचण्यांची रांग धरायची आणि तोंडाच्या उरलेल्या कोपऱ्यातून बोलायचं, ही तिची रीत. गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "अहो बाई, गिळाल एखादी!" त्यावर ही म्हणायची, "गिळली तर पोटात टाका घालून बाहेर येईल. तुम्ही खिडकीचं माप सांगा." नाव दुकानातून घरी आलं, आणि एकदा घरी आलेलं नाव काही परत जात नाही. तिची मुलंसुद्धा चिडली की म्हणतात, "टाचणीबाई, पुरे आता."

मी या घरात आधी आले, ती नंतर. सासूबाई असताना आमचं पटत नसे, कारण सासूबाईंना ते पटू द्यायचं नव्हतं. त्या गेल्यावर आम्हाला कळलं की आमचं तर भांडणच नव्हतं. मग माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, धडधाकट माणूस, बसल्या जागी गेला. मुलाला नुकतं मिसरूड फुटलेलं, मुलगी त्याच्या खांद्याएवढी. टाचणी किती रडली ते मला सांगता येणार नाही, कारण ती शिलाई मशीन चालू असतानाच रडायची. त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? मधेच टाका वाकडा गेला की समजायचं.

पडद्याचं काम मला आधी सोपं वाटायचं. चौकोनी कापड, चार कडा, दुमडा आणि शिवा. ती हसायची. "ताई, पडदा शिवायचा नसतो, पाडायचा असतो." म्हणजे वरून सोडला की तो सरळ खाली पडला पाहिजे, वाऱ्यानं फुगून बाहेरच्याला आतलं दाखवता कामा नये. त्यासाठी खालच्या कडेत शिशाच्या लहान चकत्या घालून वरून शिवून टाकतात. बाहेरून दिसत नाहीत. हाताला लागल्या तर शिवण जाड आहे असं वाटतं. अशा चारसहा चकत्या तिच्या खिशात कायम, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं एक चुंबक. ते सांडलेल्या टाचण्या वेचायला. फरशीवरून फिरवलं की टाचण्या मुंग्यांसारख्या चिकटून यायच्या. त्या चुंबकावर तिचा भारी विश्वास. बादलीची कडी खरी पितळेची की नुसता मुलामा, कात्रीत लोखंड किती, सगळं ती चुंबक लावून ठरवायची. एकदा माझ्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला लावून बघितलं आणि म्हणाली, "चिकटलं नाही. भावजींनी तुम्हाला फसवलेलं नाही हो!"

मुलगा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. काही वर्षं सरहद्दीपलीकडच्या शहरात काम करून आला, तिकडची भाषाही थोडी शिकला. तिथल्याच ओळखीतून छोटीला, म्हणजे त्याच्या बहिणीला, स्थळ आलं. मुलगा तिकडे शीतगृहात नोकरीला, गुणी. त्याची आई मात्र मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करून निवृत्त झालेली. ती प्रश्न विचारायची ते हजेरी घेतल्यासारखे. "घरात कुणाला साखर? कुणाला दमा? काही मोठं दुखणं?"

"आम्हाला आजारी पडायला सवड कुठे आहे विहीणबाई," टाचणी म्हणाली. सगळे हसले. तिचं म्हणणं तेव्हा खरंच होतं.

लग्न ठरलं, तारीख निघाली. आणि एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा टाचणी आली आणि म्हणाली, "ताई, जरा हात द्या." मला वाटलं, चादर पिळायला. तिनं माझा ओला हात धरला आणि आपल्या छातीच्या डाव्या बाजूला दाबला.

"गाठ आहे ना?"

"आहे."

"लग्न होईपर्यंत नाही," ती म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

पण गाठीला लग्नाची तारीख कोण सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबलात तर मुलीचं लग्न बघायला तुम्ही नसाल. मग टाचणीनं घरात सांगितलं की दुसऱ्या गावी एका मोठ्या हॉटेलचे पडदे करायला घेतलेत, महिनाभर तिकडेच राहावं लागेल, आणि मोठी जाऊ मदतीला येतेय. मला सुईत दोरा ओवता येत नाही हे घरादाराला ठाऊक. तिचा मुलगा म्हणाला, "मोठीआई पडदे शिवणार? मग त्या हॉटेलात उजेडच उजेड!" आम्ही दोघी जरा जास्तच हसलो.

डावी छाती काढली. वेळेत सापडलं म्हणून पुढे नुसत्या गोळ्यांवर भागलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमच्या आईलाही हेच होतं म्हणता. मग मुलीला सांगा. तिनं दरवर्षी तपासून घ्यायला हवं." टाचणीनं मान हलवली. मग म्हणाली, लग्न होऊ दे. लग्न झालं, तर म्हणाली, सासरी रुळू दे, विहीणबाई म्हणतील यांनी दुखणं लपवून मुलगी खपवली. रुळली, तर दिवस राहिले. "आता पोटुशीला कशाला घाबरवायचं, ताई?" झाकली मूठ तशीच राहिली. एक ती जाणत होती, एक मी.

बाहेर मिळते ती रबराची उशी तिनं दोन दिवस लावून बघितली. "पाठीला पाल चिकटल्यासारखं वाटतं, तेही पुढून," म्हणाली आणि स्वतःच शिवायला बसली. पडद्याच्या अस्तराचं मऊ कापड, आत कापूस, वजनाला मोहरी. दिसायला झकास. पण शिडीवर चढून हात वर केला की ती उशी वर सरकून गळ्याशी यायची. मग तिला तिचा धंदाच आठवला. खालच्या शिवणीत दोन चकत्या घातल्या. उशी जागच्या जागी राहिली. "बघा ताई, सरळ पडली," म्हणाली, आणि आरशासमोर हात वर-खाली करून दाखवले.

पुढे छोटीला सातवा लागला, आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं. तिचा फोन आला. "आई, सासूबाई सगळं करतात गं. पण तू ये."

टाचणीनं त्याच दिवशी दुकानात रजा टाकली. मुलगा सोबत निघाला, आणि मी निघाले, कारण मी नसले तर हिची उशी नीट बसली की नाही हे समोरून कोण बघणार?

मुलानं आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. "सरहद्दीवर बस रिकामी करतात. आपण एका दालनातून चालत पलीकडे जायचं. यंत्रात उभं राहायचं, हात वर करायचे. अंगावर धातू चालत नाही. टाचण्या नाहीत, चुंबक नाही, किल्ल्या नाहीत. आई, ऐकतेयस ना? एक टाचणी सापडली तरी खोळंबा."

ती ऐकत होती. गळपट्टीतल्या टाचण्या काढल्या, खिशातल्या चकत्या डब्यात ठेवल्या. मुलगा बाहेर गेल्यावर तिनं दार लावलं आणि गळ्यातलं चुंबक उशीवरून सावकाश फिरवलं. वरून, खालून, बाजूनं. चिकटलं नाही.

"शिसं आहे," ती म्हणाली. "याला चिकटत नाही, तर त्यांच्याला काय चिकटणार?"

"काढून बॅगेत तरी टाक," मी म्हटलं.

"बॅग उघडतात, ताई. पोरासमोर."

तेही खरंच. शिवाय चुंबकाचं म्हणणं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं, म्हणून मलाही पटलं. तिनं चुंबक काढून खिळ्याला अडकवलं आणि आम्ही निघालो.

सरहद्द म्हणजे काही मोठं असेल असं मला वाटलं होतं. होता एक लांबलचक पत्र्याचा हॉल, गुळगुळीत फरशी, आणि छपराला पांढऱ्या नळ्या. एका टोकाला आमची बस रिकामी झाली आणि फिरून पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. आतमध्ये सगळे मुकाट. पट्टे, बूट, घड्याळं करड्या परातींत टाकायची आणि मोज्यांवर पुढे सरकायचं. चांगली टापटिपीची माणसं, पण बूट काढले की सगळ्यांची ऐट अर्धी होते.

मुलगा पुरुषांच्या रांगेतून आधी पार झाला. मी पार झाले. यंत्रात दोन पिवळी पावलं रंगवलेली, त्यावर पाय ठेवायचे आणि शरण आल्यासारखे हात वर करायचे. माझ्यामागून टाचणी. तिनं हात वर केले. यंत्र तिच्याभोवती फिरलं. बाजूच्या काचेवर माणसाचा एक बाहुला उमटला, आणि त्या बाहुल्याच्या छातीवर डाव्या बाजूला एक पिवळा चौकोन.

तिथली अधिकारी बाई तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं मऊ. ती मऊपणानं काहीतरी म्हणाली. आम्हाला ओ की ठो कळेना. तिनं हातमोजे घातले आणि टाचणीच्या बाहीपासून दाबत दाबत येऊन उशीच्या खालच्या कडेशी थांबली. बोटांनी एक चकती चाचपली. मग दुसरी. तिचा चेहरा बदलला.

टाचणीला वाटलं, खुणेनं सांगून टाकू. तिनं दोन बोटांची कात्री केली आणि छातीवरून फिरवली, कच्, कच्. अधिकारी बाई दोन पावलं मागे सरली आणि खांद्यावरच्या यंत्रात बोलली. लगेच दुसरी एक आडव्या बांध्याची बाई धावत आली. तेव्हा टाचणीनं घाईघाईनं गळ्याजवळचं बटण उघडायला हात नेला, म्हणजे एकदाच काय ते दाखवावं. तर दोघी एकदम ओरडल्या. आपलं साधं म्हणणं असतं, बघ गं बाई, हे असं आहे. पण त्यांना तो हात कुठेतरी काहीतरी ओढायला निघालेला दिसला. त्यांचंही काय चुकलं? त्यांना तसंच शिकवलेलं.

आम्हाला एका कोपऱ्यात नेलं. मी म्हातारी, म्हणून मला तिच्या वस्तू धरून आत उभं राहू दिलं. कोपऱ्याला दार नव्हतं, पडदा होता. निळा, प्लास्टिकचा. तो ओढला तरी भिंतीपर्यंत पोचेना, वीतभर फट राहिली, आणि खालीही आखूड.

दुभाषी बाई त्या दिवशी रजेवर होती. तेव्हा मुलाला परत बोलावलं आणि पडद्याबाहेर उभं केलं. पडद्याखालून त्याचे मोजे दिसत होते.

"आई, तू काय लपवलंयस?" तो बाहेरून म्हणाला. "ती म्हणते यंत्रात धातू दिसतोय. मी सांगितलं होतं ना?"

"तू बसपाशी जा."

"मी गेलो तर बोलणार कोण?"

"मोठीआई बोलतील."

"मोठीआईंना ती भाषा कधीपासून येते?"

अधिकारी बाई पुन्हा काही बोलली. मुलगा म्हणाला, "ती म्हणते, जबरदस्ती नाही. काय आहे ते सांगायचं नसेल तर परत जाऊ शकता. मागचं दार उघडं आहे."

खरंच उघडं होतं. मला दिसत होतं. इकडे लेक अंथरुणाला खिळलेली, तिकडे दार उघडं. मोकळीक म्हणाल तर पोटभर होती.

मी टाचणीकडे बघितलं. मला तोंड होतं, पण त्या बाईंपुढे ते असून नसल्यासारखं. मुलाला मी सांगू शकले असते. पण ते सांगणं तिचं होतं, माझं नव्हतं, आणि तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिनं त्याची कड धरून भिंतीकडे ओढली. कडी अडली. पुन्हा ओढली.

"माप न घेता कापलाय," ती म्हणाली. मग त्याच आवाजात, "ऐक. मधे बोलू नकोस. मला डावी छाती नाही. काढून टाकलीय. गाठ होती. तिथे मी शिवलेली उशी आहे, आत मोहरी आहे आणि वजनाला पडद्याचं शिसं आहे. एवढं सांग तिला."

बाहेर मोजे हलले नाहीत. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, तो अंगठा तेवढा आत ओढला गेला.

अधिकारी बाईंनी विचारलं, काय म्हणाली? तो एक शब्द बोलला आणि अडला. पुन्हा बोलला, पुन्हा अडला. तो ती भाषा शिकला लिफ्टच्या खड्ड्यात. तार, चाक, मोटार, दार सोडा, हात सांभाळा, एवढी त्याची भाषा. आईच्या छातीला काय म्हणतात हे तिथे त्याला कुणी शिकवलं असणार? त्यानं काहीतरी जवळपासचं सांगितलं. बाईंना उलगडेना. त्यानं स्वतःच्या छातीवर हात आपटला असावा, कारण धप्प असा आवाज आला. तेव्हा बाईंच्या डोक्यात उजेड पडला, आणि तिनं तो खरा शब्द मोठ्यानं उच्चारला, म्हणजे हेच ना? रांगेतली दोनचार डोकी वळली. फटीतून मला दिसलं.

"हो," मुलगा आमच्याच भाषेत म्हणाला.

मग बाईंचा आवाज अगदी खाली आला. ती बिचारी ओशाळली. पण ओशाळून नियम थोडेच संपतात? तिचे प्रश्न बाकी होते.

"कधी झालं विचारते."

"छोटीच्या लग्नाआधी."

तो मग म्हणाला, "ते हॉटेल."

"हॉटेल नव्हतं रे."

"तू मला तिथल्या खिडक्यांचं वर्णन करून सांगितलं होतंस."

"दवाखान्याच्या होत्या."

बाईंनी पुन्हा विचारलं. तो तिला उत्तर देत राहिला, आणि त्याचा आवाज असा झाला होता की जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतोय. उशी काढून द्यावी लागणार होती. टाचणीनं भिंतीकडे तोंड केलं आणि बटणं उघडली. मी शाल धरली, एवढं एकच मला करता आलं. एका फटीपुरती मी पुरले.

अधिकारी बाईंनी उशी टेबलावर ठेवली, लहान पात्यानं खालची शिवण उसवली. तिनं हळूच उसवली, मला खोटं बोलायचं नाही. दोन चकत्या निघाल्या. त्यांच्यामागून मोहरी निघाली आणि मग थांबेना. टेबलावरून खाली, गुळगुळीत फरशीवरून गोल गोल पळत पडद्याखालून बाहेर. बाहेर मुलगा खाली बसला. त्याचे हात दिसले. तो मोहरी गोळा करत होता. एवढीशी मोहरी चिमटीत येते कुठे! तरी तो वेचत होता. "राहू दे रे," मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

चकत्या त्यांनी ठेवून घेतल्या. रिकामी खोळ बाईंनी व्यवस्थित घडी करून परत दिली.

मग नोंदीच्या खिडकीशी नेऊन तिनं मुलाला काहीतरी नीट समजावलं. तो म्हणाला, "आई, ती म्हणते हे सगळं यांच्या यंत्रात नोंदवून ठेवू का? तुझं चित्र, ऑपरेशन, सगळं. ठेवलं तर पुढच्या वेळी कुणी अडवणार नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण मग दर वेळी हेच होईल."

"कोण बघणार ते?"

त्यानं विचारलं. "ज्यांना गरज असेल ते, म्हणते."

"म्हणजे किती जण?"

त्यानं पुन्हा विचारलं. अधिकारी बाई हसली, खांदे उडवले. तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ती काही लपवत नव्हती. तिच्या हाताखालून जे जायचं ते पुढे कुठे जातं हे तिलाही कुणी सांगितलेलं नसणार.

पलीकडे आमच्या बसचा भोंगा वाजायला लागला होता. टाचणीनं काचेवर अंगठा ठेवला.

बसमध्ये सगळे ताटकळून वैतागलेले. पुढच्या बाकावरचा एक जाडा गृहस्थ म्हणाला, "काय बाई, बॉम्ब होता की काय?"

"असता तर पहिला तुम्हालाच दिला असता," टाचणी म्हणाली आणि शाल घट्ट आवळून खिडकीशी बसली.

मुलगा मग एकदम माझ्याकडे वळला. "मोठीआई, छोटीलाही होऊ शकतं का?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले, पण माझ्या बाजूला खिडकीच नव्हती.

"होऊ शकतं," टाचणी म्हणाली. "म्हणून तर माझ्या आईच्या नंतर मला झालं. पण तू तोंड उघडायचं नाहीस. आधी तिची सुटका होऊ दे. माझी शपथ आहे तुला."

"आई, त्या कोण कुठल्या बाईला सांगितलंस ना?"

"तिनं पलीकडे जाऊ दिलं नसतं."

 

छोटीची सुटका झाली. मुलगी झाली, सगळं सुखरूप. विहीणबाईंनी आमचं मनापासून केलं, टाचणीला बसायला आपली खुर्ची देत होत्या. टाचणीनं खोळीत नुसता कापूस भरला होता. तो सरकायचा, म्हणून भर उकाड्यात ती शाल काढत नव्हती. विहीणबाई म्हणायच्या, "थंडी वाजते का तुम्हाला? ताप बघू का?" आणि हजेरी सुरू होण्याआधी टाचणी मोरीत जाऊन बसायची.

निघायच्या आदल्या दिवशी ती लेकीजवळ बसली. विहीणबाई बाजारात गेल्या होत्या. मुलगा दाराशी घुटमळत होता, मी दुपटी घडी घालत होते. टाचणी म्हणाली, "छोटे, तुला एक सांगायचंय."

छोटी बाळाला पाजत होती. हसून म्हणाली, "आई, आधी हे बघ ना. ही डाव्याच बाजूला पिते. उजवीकडे घेतलं की किंचाळते. कुणावर गेलीय गं?"

टाचणीनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "वेळेवर जेवत जा," म्हणाली. तेच सांगायचं होतं म्हणे.

परतीच्या वेळी हॉल तोच, परातीही त्याच. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. खिडकीतल्या माणसानं टाचणीचा अंगठा घेतला, समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं, मान वर केली, अदबीनं बाजूच्या मोकळ्या वाटेकडे हात केला. कुणी अडवलं नाही, विचारलं नाही, हात लावला नाही. आम्ही सगळ्यांच्या आधी बसमध्ये.

"झालं की नाही सुरळीत?" मी म्हटलं.

"त्यानं डावीकडेच बघितलं, ताई. मान वर केली आणि थेट डावीकडे."

"तुला वाटलं असेल."

"जन्मभर मापं घेतलीत मी. कुणाची नजर कुठे टेकते, मला कळत नाही होय?" आणि मग म्हणाली, "त्या पोरीनं विचारलं तरी होतं. यानं विचारलंसुद्धा नाही."

त्यानंतर टाचणी पलीकडे गेली नाही. कधी गुडघे, कधी दुकानात घाई, कधी डोळे. छोटी फोनवर रुसते. "दादाला वेळ आहे, मोठीआईंना वेळ आहे, माझ्या आईलाच नाही. पोरीनं तुला फोनमधली आजी म्हणून हाक मारायची का?" मी शेजारीच बसलेली असते, ऐकते आणि शेंगा सोलते.

परवा टाचणीनं नवीन वाट काढली. फोनवर म्हणाली, "अगं, एका मासिकात आलंय. बाळंतपणानंतर बायकांनी छातीची तपासणी दरवर्षी करावी म्हणे. करून घे."

"कुठलं मासिक?"

"असंच. दुकानात गिऱ्हाईक विसरून गेलं होतं."

"आई, तू कधीपासून मासिकं वाचायला लागलीस?" छोटी हसली. "बरं, तू केलीस का?"

"केली."

"मग? काय निघालं?"

टाचणीनं माझ्याकडे बघितलं. मी हातातली शेंग तशीच धरली. त्या सरहद्दीवरच्या पोरीला ठाऊक, खिडकीतल्या माणसाला ठाऊक, अजून न पाहिलेल्या किती जणांना ठाऊक. मला वाटलं, आता बोलेल. देवा, आता बोलू दे हिला. फोनमधून मागे विहीणबाईंचा आवाज येत होता, त्या बाळाला काहीतरी भरवत होत्या.

"काही नाही निघालं," टाचणी म्हणाली.

"बघ! उगाच घाबरवतेस. बघू पुढच्या वर्षी."

फोन ठेवला तेवढ्यात मुलगा कामावरून आला. हात धुऊन टॉवेल घेत त्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

"पुढच्या वर्षी म्हणाली."

तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. "मी सांगू का तिला?"

त्याच्या आईनं ताट पुढे सरकवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी टाचणीकडे बघितलं.

"पान वाढलंय," ती म्हणाली. "बस आधी."